सहलीवरून आलो की मुलं ताजीतवानी आणि मी आडवी! घरी शिकवणाऱ्यांनो, तुम्ही बाहेर नेमकं करता काय?

दमलेली_दमयंती

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगी साडेसहाची, मुलगा चारचा. दोघांनाही शाळेत न घालता घरी शिकवायचं ठरवलं, त्याला दीड वर्ष झालं. घरातलं आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. अडतं ते बाहेर. आठवड्यातला एक वार 'बाहेरचा' म्हणून राखून ठेवलाय आणि त्या वाराची मला आदल्या दिवसापासून धास्ती असते. रात्री बसून जिथे जायचं तिथली माहिती वाचायची, 'शोधा पाहू' अशी यादी करायची, वर्कशीट छापायच्या, रंग, फळी, भिंग, जादा कपडे, डबे, सगळं भरायचं. सकाळी निघेपर्यंत माझा अर्धा जीव गेलेला असतो.

गेल्या आठवड्यात संग्रहालयात गेलो. जायला दोन तास. डायनासोरच्या सांगाड्यासमोर मी उत्साहाने सुरू झाले, तर मुलगी "हं" म्हणाली आणि मुलगा जिन्यावर वरखाली करायला पळाला. दोन दालनं कशीबशी झाली. खाऊ खायला बाहेर आलो, तर पायरीच्या फटीतून मुंग्यांची रांग एका मेलेल्या भुंग्याला ओढत नेत होती. झालं. दोघं तिथे पालथी पडली ती पाऊण तास. मी तीनदा "चला" म्हणाले. आत अजून चार दालनं होती हो, आणि तिकिटं काढली होती!

रात्री बाबाने विचारलं, काय पाहिलंत? दोघं एका सुरात: "मुंग्या." डायनासोरचं नाव नाही. हसावं की रडावं कळेना, म्हणून धागा काढला.

तर प्रश्न असा: तयारी किती करायची? दोन वेगळ्या वयांची मोट कशी बांधायची? नोंदी कशाच्या ठेवायच्या? आणि खरं सांगायचं तर, मुंग्या बघत पालथं पडणं याला शिकणं म्हणायचं का?

---

चिखलपाय

पहिलं म्हणजे दंडवत. आणि काळजी करू नकोस गं, डायनासोर साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जास्त थांबलाय, आणखी दोन वर्षं थांबेल.

माझी तीन, आता अकरा, आठ आणि पाच. मीही हे सगळं केलंय, फळीसकट. मग एका उन्हाळ्यात पैसेही नव्हते आणि अंगात त्राणही नव्हतं, म्हणून आठवडाभर चालत जाण्याजोग्या एकाच माळावर गेलो. तिथून जे कळलं ते हे, की नवी जागा मुलांना पाहताच येत नाही. पहिल्या खेपेला सगळंच नवं असतं, त्यामुळे कशालाच काही अर्थ नसतो. चौथ्या-पाचव्या खेपेला "हे दगडाखालचं गेलं कुठे?" असं विचारतात, कारण तिथे काय होतं हे त्यांना माहीत असतं. बदल दिसायला आधीचं माहीत असावं लागतं.

एक किस्सा सांगते. त्या माळावर एक जुनं झाड आहे, त्याच्या खोडात कुणी कधीकाळी ठोकलेला गंजका खिळा आहे. मोठीने चार वर्षांची असताना त्याला नाक लावून पाहिलं होतं. पुढच्या वर्षी तो तिच्या हनुवटीशी आला. त्याच्या पुढच्या वर्षी गळ्याखाली. तिने जाहीर केलं, "खिळा खाली चाललाय." आणि धाकट्याचं म्हणणं उलटं, की झाड वाढतंय म्हणजे खिळा वर गेला पाहिजे, तुझंच काहीतरी चुकतंय. भांडण जुंपलं. मी मधे पडले नाही (मला स्वतःलाही क्षणभर विचार करावा लागला, खोटं कशाला बोलू). शेवटी दोघांनी जमिनीपासून खिळ्यापर्यंत दोरी मापली, गाठ मारली आणि ती दोरी घरी ठेवली. वर्षाने परत मापली. गाठ जिथल्या तिथे!

झाड उंच वाढतं ते शेंड्याकडे, फांद्यांच्या टोकांशी. खोड फक्त जाड होतं. हे मी पाच मिनिटांत सांगितलं असतं, आणि ते सहाव्या मिनिटाला विसरली असती.

---

मुकाट

+१. विशेषतः 'मी मधे पडले नाही' याला.

---

शंकेखोर

धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नाला कुणी हात घातलाच नाही. मुंग्या कुणीही बघतं. त्यातून पुढे काही होणार नसेल तर तो टाइमपास आहे, त्याला शिक्षण असं भारदस्त नाव कशाला? घरी शिकवणाऱ्यांची ही सवयच आहे, जे जे घडेल त्याला शिक्षण म्हणायचं.

---

मुंगीउवाच

@शंकेखोर, बघणाऱ्याने बघून थांबलं तर तुमचं बरोबर. पण पाऊण तास पालथं पडलेलं मूल थांबणार कुठे आहे?

आम्ही काय केलं ते लिहितो. रांग चालू असताना मुलाला म्हटलं, रांगेच्या मधोमध ओल्या बोटाने आडवी रेघ पुसून बघ. पुसली. दोन्ही बाजूंच्या मुंग्या रेघेपाशी येऊन अडखळल्या, गोल फिरायला लागल्या, काही माघारी वळल्या. थोड्या वेळाने एक धीट मुंगी पलीकडे पोचली, मग दुसरी, आणि रांग पुन्हा सुरू. मुंग्या चालताना जमिनीवर गंधाची खूण सोडत जातात आणि मागच्या त्या वासावर चालतात. आपण रस्ता पुसला नव्हता, वास पुसला होता.

मग प्रश्नांची सरबत्ती. कोरड्या बोटाने? पान आडवं ठेवलं तर? पान ठेवून, त्यावरून रांग सुरू झाल्यावर पान फिरवलं तर? हे शेवटचं माझ्या डोक्यात आलंही नसतं. करून बघितलं, आणि पानावरच्या मुंग्या पान जिकडे फिरवलं तिकडे भरकटल्या. साडेपाच वर्षांचा होता. वर्कशीटवर हा प्रश्न कुणी छापला असता?

---

शंकेखोर

पानाचं आवडलं. माघार घेत नाही, पण आवडलं.

---

निवृत्त_बाई

मी आयुष्यभर बालवर्गाला शिकवलं. आता नातवंडं घरी शिकतात, त्यामुळे दोन्ही डगरींवर हात आहे म्हणा.

शंकेखोर, तुमची शंका जुनी आहे आणि तिची उत्तरंही जुनी आहेत. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने 1837 मध्ये जी बालशाळा काढली तिला पुढे त्याने 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. ते नुसतं गोड नाव नव्हतं, मुलांना स्वतःचा वाफा मिळत असे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची. म्हणजे बाहेर शिकणं ही सुखवस्तू घरांची हौस आहे असंही नाही.

आणि घरी शिकवणाऱ्यांसाठी शार्लट मेसन (1842–1923) या इंग्रज शिक्षिकेची एक युक्ती सांगते, मी ती वर्गातही वापरली. मोठ्या माणसाने एका जागी बसून राहायचं. मुलांना सांगायचं, त्या टेकाडापलीकडे काय आहे ते बघून या आणि मला सांगा. मुलं पळत जातात, येतात, धापा टाकत सांगतात. "त्या झाडाला पानं कशी होती गं?" "विसरले!" की पुन्हा पळतात. तुमचे पाय दुखत नाहीत, त्यांची भाषा वाढते. दमयंतीबाई, तुम्हाला हे औषध लागू पडेल असं वाटतं.

एक मात्र सांगते. वर सगळे 'मोठ्यांनी गप्प बसावं' या बाजूला झुकलेत. मला ते अर्धंच पटतं. मुंगीउवाच यांच्या मुलाला रेघ पुसायला कुणी सांगितलं? बापानेच ना? योग्य वेळी एक वाक्य टाकणारं माणूस जवळ हवं. नाहीतर मूल दहा वर्षं मुंग्या बघेल आणि वासाचं त्याला कळणार नाही. आणि नावं सांगावीत. 'किडा' म्हटलं की सगळे किडे सारखे होतात. 'गोम' आणि 'वाणी' अशी दोन नावं मिळाली की मूल पाय मोजायला बसतं: गोमेला शरीराच्या एकेका वेढ्याला पायांची एक जोडी, वाणीला बहुतेक वेढ्यांना दोन. (गोम चावते, ती लांबूनच मोजा.)

---

चिखलपाय

बाई, मान्य. 'गप्प बसा' याचा माझा अर्थ 'आधी गप्प बसा' एवढाच. माझ्या तोंडून पूर्वी उत्तर आधी यायचं आणि प्रश्न मागून.

---

रात्रपाळी

मी बाप, रात्रीची ड्युटी. 'दिवसभराची सहल' हा प्रकार आमच्या नशिबी महिन्यातून एकदा. सकाळी घरी येतो, झोपायच्या आधी मुलीला घेऊन पाऊण तास समोरच्या मोकळ्या जागेत. जागा म्हणजे काय, थोडं गवत, एक भिंत, एक विजेचा खांब.

त्या खांबावर आम्ही वर्ष काढलं. सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची, वेळ लिहायची. सुट्टीच्या दिवशी तासातासाला. मुलीची खात्री होती की सगळ्यात आखूड सावली घड्याळात बाराला पडणार. पडली नाही. का, तर घड्याळाची वेळ मोठ्या प्रदेशाला एकच धरलेली असते, सूर्य मात्र प्रत्येक गावाच्या डोक्यावर आपापल्या वेळी येतो. आणि सगळ्यात आखूड सावली नेमकी उत्तर-दक्षिण पडते, म्हणजे होकायंत्राशिवाय दिशा मिळाली. मुलीने अंगणभर बाण काढून ठेवले.

चंद्राचंही तसंच. ड्युटीवरून येताना मला सकाळी चंद्र दिसायचा, तिला खोटं वाटायचं, कारण गोष्टींच्या पुस्तकात तो रात्रीच असतो. मग रोज तो कुठे आहे ते खिडकीच्या काचेवर टिपायला लागलो. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे आठवडाभरात तो खिडकीतून निघूनच जातो. मुलीने विचारलं, "तुझ्यासारखी त्याचीही शिफ्ट बदलते का?"

दुर्बीण वगैरे काही नाही. खडू लागतो.

---

तिसरा_मजला

रात्रपाळी, शिफ्टचं वाचून फुटले!

माझी शंका जरा वेगळी. आमचं एकच मूल, पाच वर्षांचं, आणि त्याला किडे, चिखल, ओलं गवत यांची मनापासून किळस. बाहेर गेलं की माझ्या कडेवर. इथे सगळ्यांची मुलं पालथी पडतायत, आमचं उताणंही पडत नाही.

---

कवडसा

@तिसरा_मजला, मग चिखलाच्या मागे लागूच नका. आमचाही तसाच होता. त्याला आवडलं ते ऊन.

दुपारी झाडाखाली बसलो की जमिनीवर कवडसे पडतात ना, त्याने विचारलं, पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या आहेत मग कवडसे गोल का? मी चाळिशी गाठली तरी हा प्रश्न मला पडला नव्हता. प्रत्येक बारीक फट सुईछिद्र कॅमेऱ्यासारखं काम करते आणि कवडसा म्हणजे चक्क सूर्याची प्रतिमा असते, म्हणून गोल. खंडग्रास सूर्यग्रहण असेल तेव्हा झाडाखालचे सगळे कवडसे कोरीसारखे दिसतात. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, जमिनीकडे बघायचं, हे पोराला शंभर वेळा सांगा.)

करून बघायचं असेल तर पुठ्ठ्याला छोटंसं त्रिकोणी भोक पाडा. पुठ्ठा जमिनीलगत धरला तर उजेडाचा त्रिकोण पडतो. हळूहळू वर नेत डोक्याएवढ्या उंचीवर धरा, त्रिकोणाचा गोल होतो. माझ्या मुलाने त्या दिवशी पुठ्ठा झोपेपर्यंत सोडला नाही. आणि किळस? सातव्या वर्षी आपोआप गेली. आता खिशात गोगलगायी सापडतात, तेव्हा घाई करू नका.

---

चाकंफिरती

सगळं वाचतोय, छान चाललंय. एक बाजू राहिली म्हणून लिहितो. माझा मुलगा सहा वर्षांचा, चाकाच्या खुर्चीत. 'माळावर जा, झाडावर चढा' हे आमच्या कामाचं नाही. जाण्याआधी मी एकटा एकदा जाऊन येतो: वाट कडक आहे का, उतार किती, स्वच्छतागृहात खुर्ची आत वळते का. हीच माझी तयारी, वर्कशीट नाही. आणि जमिनीवरचं सगळं त्याच्यासाठी वर यावं लागतं, म्हणून एक उथळ ट्रे मांडीवर ठेवतो. माती, पानं, साल, गांडूळ, जे सापडेल ते ट्रेमध्ये, बघून झालं की परत. तो भिंगातून बघतो आणि बहीण आणून देते. दोघांचं छान चालतं, बहीण तर स्वतःला 'पुरवठा अधिकारी' म्हणवून घेते.

---

दमलेली_दमयंती

चाकंफिरती दादा, ट्रेची कल्पना उचलतेय. चार वर्षांच्याला हातात काहीतरी लागतंच.

गांडुळांचं कुणी सांगा ना, परवा ओल्या वाटेवर दहा-बारा होती आणि मुलगी म्हणाली, "यांना ऐकू येतं का?" मी आपली "हो… नाही… बघू."

---

मुंगीउवाच

गांडुळांना कान नसतात. पण हे कुणी तपासलं ते ऐका. चार्ल्स डार्विन. म्हातारपणी, 1881 मध्ये त्याने गांडुळांवर अख्खं पुस्तक काढलं. घरातल्या कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली होती. त्यांच्यासमोर कर्कश शिट्टी वाजवली, बासून नावाचं मोठं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. मग तीच कुंडी पियानोवर ठेवली आणि एक सूर दाबला, तर गांडुळं झटकन बिळात! आवाज कळत नाही, हादरा कळतो.

पियानो नसला तरी टेबल आणि भांडं पुरतं. कुंडीजवळ ओरडून बघा, मग कुंडी टेबलावर ठेवून टेबलावर थाप मारा. फक्त गांडूळ त्वचेतून श्वास घेतं, त्वचा वाळली की मरतं. हात ओले ठेवा आणि लवकर परत सोडा.

---

बरणीवाली

'लवकर परत सोडा' याला दहा वेळा अनुमोदन. आमच्याकडून झालेलं सांगते, अजून टोचतं. डबक्यातले बेडूकमासे, म्हणजे बेडकाची पिल्लं, बरणीत भरून आणले होते, पाय कसे फुटतात ते बघायला. पहिल्या दिवशी कौतुक. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, बरणी गॅलरीत राहिली, दुपारचं ऊन थेट त्यावर. संध्याकाळी सगळे तरंगत होते. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. ओरडला नाही, रडला नाही, फक्त "आपण त्यांना आणायला नको होतं" म्हणाला. त्यानंतर घरात नियम: जिवंत काही आणायचं नाही, आपण त्यांच्याकडे जायचं. दर चार दिवसांनी डबक्यावर गेलो. मागचे पाय आधी दिसले, मग पुढचे, मग शेपूट आखडत गेली. बरणीत जे बघणार होतो ते सगळं तिथे काठावर बसून दिसलं. वर बगळा एक पिल्लू उचलून नेताना दिसला, ते बरणीत कुठलं दिसायला!

---

निवृत्त_बाई

बरणीवाली, हे लिहिलंत ते बरं केलंत.

---

पायपीट

उशिरा आलो. दोन वयांची मोट कशी बांधायची, हा प्रश्न सगळ्यांनी ओलांडला, म्हणून त्याबद्दल.

आमची दोन, चार वर्षांचं अंतर. एकाच वस्तूवर दोघांना वेगळं काम द्यायचं, वेगवेगळ्या वस्तूंवर नाही. झाड घ्या. धाकट्याने मिठी मारायची: किती मिठ्यांचं झाड? मोठ्याने उंची काढायची: आपल्या हाताएवढी लांब काठी घ्यायची, हात सरळ ताणून ती उभी धरायची, आणि एक डोळा मिटून मागे मागे सरकत जायचं, काठीचं वरचं टोक शेंड्याशी आणि खालचं बुंध्याशी जुळेपर्यंत. जिथे जुळलं तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे साधारण झाडाची उंची. पावलांनी मोजा. मागे सरकताना कुणीतरी लक्ष ठेवा, आमचा एक जण खड्ड्यात बसलाय.

वेळेचं म्हणाल तर चार वर्षांच्या मुलाबरोबर एक किलोमीटरला एक तास धरा. भूक लागायच्या अर्धा तास आधी खायला द्या. आणि परतायची वेळ 'अजून मजा येतेय' तेव्हा. मी हे शेवटचं कधीच पाळू शकलेलो नाही.

---

छत्रीधारी

हवामान कुणी काढलंच नाही! पावसात जावंच, ओले कपडे वाळतात. विजा मात्र चेष्टा नाही. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं, इतके किलोमीटर लांब. मुलांना हे गणित भयंकर आवडतं, भीतीही कमी होते. पण 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, झाडाखाली अजिबात नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर यायचं नाही.

बाकी 'रोज बाहेर कशाला' म्हणणाऱ्या आजीआजोबांसाठी: चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांतल्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. आमच्या घरी वाद या आकड्यांवर मिटला. गांडुळांवर मिटला नसता.

---

तिसरा_मजला

आणि हरवलं तर? माझी भीती तीच असते.

---

पायपीट

निघण्याआधी मुलाचा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांतला. घाबरल्यावर आपल्यालाच शर्टाचा रंग आठवत नाही. नंबर मनगटावर पेनने. आणि मुलाला एकच गोष्ट पढवायची: आम्ही दिसत नाही असं वाटलं की जवळच्या झाडाला धरून तिथेच थांब, शोधायचं काम आमचं. चालत राहिलेलं मूल सापडायला फार अवघड. पाण्याजवळ मात्र ही असली कुठलीच युक्ती नाही, तिथे मूल हाताच्या अंतरावर आणि फोन खिशात.

---

मुकाट

नोंदींचं राहिलं. मी फक्त तीन गोष्टी लिहितो: तारीख, जागा, आणि मुलाचं एक वाक्य, जसंच्या तसं, व्याकरण न सुधारता. 'ढग डोंगराला घासून फाटला.' पाच वर्षांच्या चार वह्या झाल्यात. तुमच्याकडे नोंदी कुणाला दाखवाव्या लागत असतील तर तिथले नियम बघून विषयांची नावं नंतर समासात लिहा. वाक्यं आधी.

(एवढं मोठं मी वर्षभरात लिहिलं नाही.)

---

शंकेखोर

@मुकाट, त्या वह्यांचा वेगळा धागा काढा. मी पहिला येईन.

---

दमलेली_दमयंती

तीन आठवड्यांनी परत आलेय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

मोठ्या सहली बंद. आठवड्यात तीनदा घराजवळच्या ओढ्याकाठी, एकच जागा, एकच दगड बसायला. पिशवीत पाणी, खाऊ, टॉवेल, ट्रे आणि खडू. वर्कशीट शून्य. पहिल्या दिवशी फजिती झाली: दोघांनी दहा मिनिटांत "आता काय?" म्हटलं आणि उरलेला वेळ एकमेकांच्या अंगावर माती फेकली. मी मनात या धाग्यातल्या सगळ्यांना शिव्या घातल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. चौथ्या खेपेला मुलगी स्वतःहून म्हणाली, "परवाचा दगड ओला होता, आज कोरडा आहे, पाणी खाली गेलंय." आता दगडावर खडूच्या रेघा आहेत.

बाईंची बसून राहायची युक्ती अफाट चालते. मुलगा पाच फेऱ्या मारतो आणि मला चहा गरम प्यायला मिळतो. पण सगळं गोड आहे असं नाही. मला अजूनही आत कुठेतरी वाटत राहतं की आज 'काहीच झालं नाही', आणि परवा गुपचूप एक वर्कशीट छापलीच. तिची होडी झाली. बुडली. मग जाड कागदाची केली.

परत संग्रहालयातही गेलो, मुलीच्याच हट्टाने. फक्त एक दालन, कीटकांचं. पेटीतली मुंगी बघून ती म्हणाली, "ही एकटीच आहे, हिला रांग नाही."

बरं, आता आणीबाणीचा प्रश्न. ती आत्ता अंथरुणात पडून विचारतेय, मुंग्या रात्री रांग मोडून झोपायला जातात का? काय सांगू?

---

चिखलपाय

काही सांगू नकोस. टॉर्च घे आणि बाहेर पड. काचेवर लाल पारदर्शक कागद लाव, बहुतेक मुंग्यांना लाल उजेड नीट दिसत नाही, बिचकणार नाहीत.

---

मुंगीउवाच

आणि काय दिसलं ते इथे लिहा. जागा तीच, जी दिवसा पाहिली होती.

---

दमलेली_दमयंती

निघालो. लाल कागद नाही सापडला, गोळीचं वेष्टन लावलंय. धाकटाही उठून बसलाय, त्याच्या चपला उलट्या पायात आहेत.